चढावरची थरथर

रात्रभर पडलेल्या पावसाचं पाणी दुकानासमोरच्या ताडपत्रीच्या पोटात साचलं होतं. पाटेवाली त्या पोटाखाली उभी राहून, मान वर करून, काठीनं ते नेमकं कुठून ढकलावं याचा विचार करत होती. तेवढ्यात गल्लीत एक पिकअप मागं मागं येत शिरली. साधी पिकअप असती तर आली तशी वळून गेली असती. पण ही गाडी चवड्यांवर उभी राहिल्यासारखी उंच होती. तिच्या टपाच्या कोपऱ्यानं ताडपत्रीची दोरी अलगद उचलली... ताणली... आणि फर्रर्रकन ताडपत्री उभी फाटली.

सगळं पाणी पाटेवालीच्या डोक्यावर!

आतलं शिलाई मशीन थांबलं. नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा सावरत आत्या दारात आली. चिंब भिजलेली भाची, लोंबणारी ताडपत्री आणि ती उंच गाडी, सगळं तिनं सावकाश पाहून घेतलं.

"कुठाय तो उंटावरचा शहाणा?" तिनं विचारलं.

उंटावरचा शहाणा गाडीतून उडी मारून खाली आला. तरुण होता, उन्हानं रापलेला, डोक्यावर रुंद कडांची टोपी. त्यानं आधी ताडपत्रीकडं पाहिलं, मग पाटेवालीकडं. आणि माफीचं जे वाक्य त्यानं जुळवून आणलं होतं ते अर्ध्यातच कुठंतरी सांडलं.

"मी... म्हणजे... पुढं रस्ता नाही हे माहीत नव्हतं. गाडी वळवत होतो. तुमच्या — तुमच्या केसांत —"

"पाणी आहे. कळलं मला."

"पाणी नाही. मधमाशी आहे. हलू नका हं."

तो जवळ आला. तिच्या कानामागच्या ओल्या बटेजवळ त्यानं बोटाचं टोक नुसतं धरून ठेवलं. ढकललं नाही, झटकलं नाही... फक्त वाट पाहिली. त्याच्या शर्टाला धुराचा आणि मेणाचा मंद वास होता. माशी आपल्या मर्जीनं बोटावर चढली, तसा त्यानं हात मागं घेतला.

"माझीच आहे," तो म्हणाला. "गाडीत राहून गेली असेल."

"माझीच म्हणजे? नाव माहीत आहे का तिचं?"

"नाव नाही. घर माहीत आहे."

पाटेवालीला हसायचं नव्हतं. पण नाकावरून ओघळणारं पाणी पुसायच्या निमित्तानं तिनं तोंडावर हात धरला.

"उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले," आत्या दारातून म्हणाली, "माश्या हाकणारा हा पहिलाच!"

गल्लीत तिला सगळे पाटेवालीच म्हणत. गाडीच्या खाली, मागच्या चाकांजवळ, एकावर एक रचलेले वाकडे पोलादी पाटे असतात. भार झेलायचं काम त्यांचं. ते बसले, मोडले, कुरकुरू लागले की लोक तिच्या वडिलांकडं गाडी आणायचे. वडील गेल्यावर हिच्याकडं आणू लागले. पुढच्या खोलीत आत्या गाड्यांची सीटकव्हरं शिवायची, मागच्या अंगणात ही गाड्यांच्या पोटाखाली शिरायची. आईच्या मागं आत्यानंच तिला वाढवलं होतं. दोघींचं बरं चाललं होतं. गाडी येते, दुरुस्त होते, जाते. गाडीबरोबर माणूसही जातं. यात पाटेवालीला आजवर काही खटकलं नव्हतं.

"गाडी उंच कुणी करून घेतली?" तिनं केस पिळत विचारलं.

"आधीच्या मालकानं. मी अशीच घेतली. मला बरंच वाटलं — पेट्या घेऊन पठारावर जायचं तर वाटेत ओढा आहे, दगड आहेत..."

"आणि त्रास काय देते?"

तो चमकला. "त्रास देते हे कसं कळलं?"

"मागं घेताना खालून टक् असा आवाज आला. आणि उतरायच्या आधी तुम्ही स्टिअरिंगला थोपटलंत. बऱ्या गाडीला कुणी थोपटत नाही."

आता तो हसला. हसला की त्याचे डोळे जवळजवळ मिटायचे, हे तिनं उगाचच लक्षात ठेवलं.

तो मधवाला होता. मधमाश्यांच्या लाकडी पेट्या घेऊन फुलांच्या मागं फिरायचा. सध्या त्याच्या पेट्या गावाबाहेरच्या संत्र्यांच्या बागेत होत्या. तिथला बहर ओसरला की वर पठारावरची रानफुलं. आणि गाडीचं दुखणं असं, की रिकामी असली म्हणजे ती अगदी गुणाची. पेट्या चढवल्या, घाटाचा चढ लागला, की अंग झटकू लागायची. थरथर, थरथर, थडथड! पाय काढला की पुन्हा गोगलगाय.

"एकानं चाकं बॅलन्स केली. दुसऱ्यानं शॉकॲब्सॉर्बर बदलले. तिसऱ्यानं सांगितलं, तुम्हाला भास होतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मला एकट्याला होत असता तर चाललं असतं. माश्यांनाही होतो."

पाटेवालीनं गाडी अंगणात घेतली.

सापडायला तिला फार वेळ लागला नाही, किंवा तिला तसं वाटलं. इंजिनाकडून मागच्या चाकांकडं एक लांब दांडा फिरत जातो. तो मधोमध ज्या रबरात टेकतो ते रबर कुजून लोंबत होतं. तिनं नवं बसवलं, वाळूची पोती भरून गाडी गल्लोगल्ली फिरवली. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. "झालं," ती म्हणाली. तिचं 'झालं' म्हणजे झालं, असा तिचा लौकिक होता.

तोवर मधवाला पुढच्या खोलीत आत्यासमोर बसून नवी ताडपत्री शिवत होता. ती त्यानं स्वतःच आणली होती. आत्या मशीन चालवायची, तो कापड ताणून धरायचा आणि शिव्या खायचा.

"अहो, सरळ धरा! माश्या सरळ उडतात का तुमच्या?"

"नाही, आत्या. नाचत उडतात. फुलं कुठं आहेत ते एकमेकींना नाचूनच सांगतात."

"हो का? आणि तुम्ही माणसं कशी सांगता?"

दारात पाना पुसत उभ्या असलेल्या पाटेवालीकडं त्याची नजर गेली, आणि ताडपत्री त्याच्या हातातून सुटली.

"धांदरट," आत्या म्हणाली. पण त्या शब्दात राग नव्हता.

बागेच्या मालकानं निरोप धाडला, की बहर संपला, आता झाडांवर औषध फवारायचं. या आठवड्यात पेट्या हलवा. औषध पडलं की त्या झाडांवर बसलेली एकही माशी घरी परतत नाही. मधवाल्यानं पहिली खेप भरली आणि पहाटे घाटाला लागला. पाटेवाली त्या दिवशी काम करता करता दोनदा रस्त्यावर जाऊन आली. आत्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, ऊन बघत होते.

दुपारी उंच पिकअप दारात उभी राहिली. तो उतरला तो हसत नव्हता. त्याच्या हातात लाकडी चौकट होती. तिच्यातलं पोळं मधोमध मोडून लोंबत होतं आणि मध त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. दुसऱ्या तळव्यावर, पानावर ठेवलेली, एक लांबट माशी. निपचित.

"राणी," तो म्हणाला. "मोडलेल्या पोळ्याखाली दबली."

गिऱ्हाइकं ओरडायची, आदळआपट करायची, ते तिला झेलता यायचं. हा मात्र ओरडला नाही.

"मी झालं म्हणाले होते," ती म्हणाली. "माझ्या भरवशावर तुम्ही —"

"रबर कुजलं होतंच. तुम्ही बदललंत, बरं केलंत. पण थरथर अजून आहे." त्यानं चौकट टेबलावर ठेवली. "कुठं आहे ते शोधू या ना."

शोधा नाही, शोधू या. या एवढ्याशा 'या'नं तिचे डोळे भरून आले, म्हणून ती पाने आवरायला वळली.

"ती थरथर इथं दिसणारच नाही," ती त्याच्याकडं पाठ करून म्हणाली. "इथं चढ कुठाय? उद्या पेट्या भरा. मी येते. तुमच्या माश्यांसकट, तुमच्या घाटात."

आत्यानं आतून ऐकलं. जेवताना म्हणाली, "मला विचारशील तर ती थरथर गाडीत नाहीच."

"मग कुठाय?"

"मी सीटकव्हरं शिवते बाई. आतल्या स्प्रिंगांचं मला काय कळतं!"

पहाटे बागेत धुकं होतं. संत्र्यांच्या झाडांखाली पेट्या ओळीनं निजल्यासारख्या होत्या. मधवाला एकेक दार जाळीनं बंद करत होता आणि दोघं मिळून एकेक पेटी उचलून गाडीत ठेवत होते. पेटी उचलली की आतून एक खोल गुणगुण हाताच्या तळव्यांत चढायची... जणू लाकडाला श्वास आहे. पाटेवालीनं आयुष्यभर इंजिनांना हात लावून ऐकलं होतं. असं इंजिन तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"घाबरलात?"

"नाही. किती आहेत एका पेटीत?"

"मोजायला गेलो की जागा बदलतात."

गाडी निघाली. धुक्यातून दिव्यांचा पिवळा उजेड पुढं पुढं सरकत होता, मागं पेट्या गुणगुणत होत्या, आणि खिडकीतून ओल्या गवताचा वास येत होता. पाटेवालीनं बूट काढले आणि अनवाणी तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवले.

"हे काय?"

"कानांपेक्षा पायांना लवकर कळतं. वडिलांनी शिकवलंय."

थोड्या वेळानं त्यानं हळूच हीटरची हवा खाली, तिच्या पायांकडं वळवली.

घाट सुरू झाला. पहिलं वळण... दुसरं... आणि उभा चढ लागताच पत्रा तिच्या तळव्यांखाली थरथरू लागला. थरथरीची थडथड झाली. मागच्या पेट्यांचा सूर एकदम वर चढला, रागावलेला, घाबरलेला.

"थांब!" ती ओरडली. "थांब, थांब... म्हणजे — थांबा."

त्यानं ब्रेक दाबला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पहिलं बरं होतं," तो म्हणाला.

ऐकलं न ऐकलंसं करून ती खाली उतरली, बूट न घालताच. "मी मागं चालते. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवा. आणि मी हात मारला की लगेच पाय काढा."

ओल्या रस्त्यावर ती वाकून गाडीच्या मागच्या चाकाच्या बाजूनं चालू लागली, हातात बॅटरी. गाडीनं जोर घेतला, आणि तिला दिसलं. सरळ राहायला हवा तो पाटा नागमोडी होत होता. त्याच्याखालचा ॲक्सल, मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा कणा, मान वर उचलत होता, इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याला वर रेटत होता, मग धाडकन जागेवर येत होता. पुन्हा वर... पुन्हा धाड्. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडाचा ठोकळा होता. गाडी उंच करायला घालतात तसा. आणि त्या ठोकळ्याखाली, चिखलानं लिंपलेला, दुसरा ठोकळा.

तिनं गाडीवर हात मारला.

"ठोकळ्यावर ठोकळा!" ती खिडकीशी येऊन धापा टाकत म्हणाली. तिच्या गालावर चिखलाचा एक फराटा उमटला होता आणि डोळे लकाकत होते. "मी त्या दिवशी पाहिलं होतं, पण चिखलात मला तो एकच सलग वाटला. कुणी तरी हौसेनं एकावर एक चढवलेत. लांब दांड्याचा पाना घेतला की जाम नटसुद्धा हलतो ना? तसंच झालंय. पाट्यापासून ॲक्सल इतका लांब गेलाय, की भार आणि चढ मिळाला की तो पाट्यालाच पिळतो. सपाटीवर जोर लागत नाही, म्हणून तिथं शहाण्यासारखा राहतो. भास नव्हता तुम्हाला. कुणालाच नव्हता!"

तो तिच्याकडं पाहतच राहिला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "ठोकळ्यावर ठोकळा."

"मग हसताय काय?"

"एवढ्या आनंदानं माझ्या गाडीची निंदा आजवर कुणी केली नव्हती."

माश्या बंद पेट्यांत फार वेळ ठेवता येत नव्हत्या. मागं फिरणं शक्य नव्हतं. उरलेला घाट त्यांनी माणसाच्या चालीनं चढला. ती पायांनी ऐकायची आणि सांगायची — आता हळू... आता थोडा पाय द्या... सोडा... — आणि तो तिच्या शब्दावर पाय ठेवायचा, उचलायचा. धुकं हळूहळू खाली राहिलं. पठारावर पोचले तेव्हा ऊन नुकतं गवतावर उतरलं होतं आणि जिथवर नजर जाईल तिथवर जांभळी, पिवळी, बारीक बारीक फुलं वाऱ्यावर हलत होती. पेट्या उतरवल्या, जाळ्या काढल्या. आधी एक माशी दारात आली. उजेडात जरा थबकली. मग दुसरी... मग सोनेरी दाण्यांची मूठ कुणी हवेत उधळावी तशा सगळ्या.

एकही पोळं मोडलं नव्हतं.

"मला तुम्हाला काही..." मधवाला म्हणाला आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. पायात काटे जातील. बूट घाला."

गाडी पुन्हा अंगणात, दुरुस्तीच्या खड्ड्यावर आली. ठोकळे काढायचे म्हटल्यावर मधवाला कावराबावरा झाला. "उंची गेली तर ओढ्यात पेट्या भिजतील."

"सगळी उंची नाही काढत. पण ती ठोकळ्यांची उसनी उंची नको. पाट्याची स्वतःची हवी." तिनं जुन्या पाट्यांच्या जागी जास्त कमानीचे नवे पाटे घडवून आणले. पूर्वीपेक्षा चार बोटं कमी, पण ओढ्याला पुरेशी. लांब दांड्याचा कोन जुळवला, ब्रेकचा पाइप ताणत नाही ना ते पाहिलं. तो शेजारी बसून हवं ते हातात द्यायचा, आणि मागितलेला पाना सोडून नेमका दुसराच द्यायचा.

"बावीसचा मागितला."

"तुम्ही माझ्याकडं बघत मागितलात. मला आकडा ऐकू आला नाही."

"मग आता गाडीकडं बघून मागते. बावीसचा."

"आता तर मुळीच ऐकू आलं नाही."

आत्याचं मशीन आत फार वेळ थांबून थांबून चालत होतं.

पाटे ॲक्सलला बांधून धरणारे शेवटचे यू-बोल्ट आवळताना तो पुन्हा म्हणाला, "मला तुम्हाला काही विचारायचं होतं."

"आत्ता नको. आत्ता पाना सुटला तर बोटं जातील." तिनं सगळं अंग टाकून नट आवळला. मग घाम पुसून एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "हे ऐका. नवे पाटे भार घेऊन बसतात, मग हे यू-बोल्ट थोडे सैल पडतात. एक घाट चढून झाला की गाडी परत आणायची. मी पुन्हा आवळून देईन. विसरायचं नाही, सैल राहिले तर ॲक्सल सरकतो."

"परत आणायची," तो म्हणाला. त्यानं ते असं म्हटलं, की जणू तिनं त्याला काही भेट दिली होती.

विचारायचं ते राहूनच गेलं. बागेत फवारणीचे पंप येऊन उभे होते; राहिलेल्या पेट्या घेऊन तो दुसऱ्याच पहाटे निघून गेला.

आणि परत आला नाही.

आठवडा गेला. मग आणखी दिवस गेले. पठारावर फोन लागत नव्हता. गाडीला काही झालं असतं तर घाटातून बातमी आली असती. म्हणजे गाडी छान चालत होती. पाटेवालीनं स्वतःच्या हातांनी त्याच्या येण्याचं कारण काढून टाकलं होतं, तेही इतकं चोख, की नाव ठेवायला जागा नाही. ती दुसऱ्या गाड्यांखाली शिरायची, नट सोडवायची, आणि मग सोडवलेला नट हातात धरून तशीच पडून राहायची... वर काळंभोर लोखंड, आणि डोळ्यांपुढं जांभळी-पिवळी फुलं.

"चिंगे," एका सकाळी आत्या म्हणाली. लहानपणीचं हे नाव आत्या फार क्वचित काढायची. "त्या उंटाचे नट आवळायचे होते ना?"

"त्यानं आणायला हवी होती गाडी."

"आणि नाही आणली, म्हणून ॲक्सल सरकू द्यायचा?"

"आत्या, मी काय गिऱ्हाइकांच्या मागं डोंगर चढत फिरू?"

"गिऱ्हाइकांच्या कोण म्हणतंय?"

पाटेवालीनं हातातली चिंधी उलगडली, पुन्हा घडी केली. "आणि तू? मी उठून असं कुणाच्या मागं... तू एकटी —"

आत्यानं चष्मा काढला. "हे बघ. मी काही कुणी टाकून गेलेलं जुनं सीट नाही, कोपऱ्यात धूळ खात पडायला. माझे हात चालतात, मशीन चालतं, जीभ तर सगळ्यांत बरी चालते. माझी ढाल करून तू लपू नकोस. काय असेल ते जाऊन बघ. नाही म्हणाला तर खाली ये, आपण दोघी मिळून त्याला चार शिव्या देऊ. पण नट तेवढे आवळून ये. नाव आपल्या दुकानाचं आहे."

मग आत्या वळली आणि मशीन इतक्या जोरात चालवू लागली, की पुढं बोलायची सोय राहिली नाही.

पाटेवालीची जुनी मोटरसायकल घाट चढून पठारावर आली तेव्हा दुपार कलली होती. ढगांच्या सावल्या फुलांवरून सावकाश सरकत होत्या. पेट्यांच्या ओळीपाशी पिकअप उभी होती, आणि तिच्या चाकांभोवती गवत उगवून वर आलं होतं. पाटेवाली उतरली. गाडी हललीच नव्हती. पोचवून उभी केली तशीच होती.

आजारी पडला की काय? पडला-झडला?

तेवढ्यात खालच्या पायवाटेनं तो आला, दोन्ही खांद्यांवर पाण्याचे कॅन, घामानं निथळत. तिला पाहून जागच्या जागी थांबला. एक कॅन हळूच खांद्यावरून घसरला.

"हे काय?" ती म्हणाली. वाटभर तिनं बोलायचं काहीबाही ठरवलं होतं. तोंडातून आलं ते हे. "गाडी असताना पाणी अंगावर का वाहताय?"

"यू-बोल्ट सैल असतील ना. तुम्हीच म्हणालात, ॲक्सल सरकतो."

"मग आवळून घ्यायला खाली का नाही आलात?"

दुसरा कॅनही त्यानं खाली ठेवला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुमच्याकडं यायचं तेवढं एकच कारण माझ्याजवळ उरलं होतं," तो शेवटी म्हणाला. "ते वापरून टाकलं असतं तर... पुढं काय?"

वारा फुलांवरून गेला. पाटेवालीला राग यायला हवा होता. एवढा दांडगा माणूस, इतके दिवस, ओढ्यावरून पाणी खांद्यावर वाहत होता. एक कारण शिल्लक राहावं म्हणून!

"वेडा आहेस," ती म्हणाली. "पाने पिशवीत आहेत. दे."

आभाळ भरलं की माश्या चिडक्या होतात, म्हणून त्यानं तिला जाळीची टोपी दिली. बारीक काळी जाळी हनुवटीच्या खालपर्यंत उतरणारी. तिनं ती घातली आणि गाडीखाली सरकली. तो चाकाशेजारी गवतात बसला. त्याला तिचे फक्त बूट दिसत होते. मग तो त्या बुटांशीच बोलू लागला.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"माझं घर म्हणजे... चाकांवरचं. आज इथं, उद्या तिथं. कुणाला ये म्हणावं असं काही नाही त्यात."

खालून पान्याचा आवाज आला. "माझं सगळं आयुष्य चाकांखाली गेलंय. पुढं बोल."

"बागेच्या मालकाला मी विचारलंय. फुलं नसतात त्या महिन्यांत पेट्या बागेच्या कडेला ठेवू देतो म्हणाले, फवारणी आधी सांगून करतील. म्हणजे अर्धं वर्ष मी खालीच. तुमच्या — तुझ्या गावात. दुकानापासून सायकलवर येता येईल एवढ्या अंतरावर. उरलेलं अर्धं वर्ष... ते कसं करायचं ते मला एकट्याला ठरवता येत नाही."

पाना थांबला.

"मालकाला कधी विचारलंस?"

"इथं यायला निघायच्या आदल्या दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणालीस, पाना सुटेल, बोटं जातील."

मग बूट मागं सरकले आणि ती बाहेर आली. गुडघ्यांवर गवत, कोपरांवर ग्रीस. जाळीमुळं तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. ती हसते आहे की रडते आहे हे कळायला तो थोडा पुढं झुकला.

"आत्याला सोडून मी राहणार नाही," जाळीमागून आवाज आला.

"आत्यांना सोडायची माझी हिंमत आहे का?"

"आणि दुकान मी बंद करणार नाही."

"मग माझी गाडी कोण बघेल?"

"आणि वर्षातून एकदा तरी मला ही फुलं बघायला आणायचं. पाणी मी वाहणार नाही."

"नाही."

तिनं पाना गवतावर ठेवला. दोन्ही हातांनी जाळी धरून ती वर, टोपीवर, उचलून टाकली. डोळे ओले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू थरथरत होतं. भोवती माश्या गुणगुणत होत्या. तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"आता हात मोकळे आहेत," ती म्हणाली. "विचार."

त्यानं विचारलं. अगदी साध्या शब्दांत, अडखळत, तिच्या ग्रीस लागलेल्या बोटांना हात लावत.

"हो," ती म्हणाली. पण इतक्या हळू, की वाऱ्यानं ते जवळजवळ नेलंच.

त्याला ऐकू आलं होतं. तरीही त्यानं पुन्हा विचारलं.